मेंदूची साल: अडीच मिलिमीटरमधले सहा थर

फर्स्ट इयरच्या मुलांच्या हातात मेंदूचा काप पहिल्यांदा देते, तेव्हा मी त्यांना एकच काम सांगते. काप डोक्याच्या अगदी मागच्या बाजूचा असतो. "कडेच्या करड्या पट्टीत एक पांढरी रेघ आहे, ती शोधा. भिंग लागणार नाही." दोन-तीन मिनिटं कुणालाच काही दिसत नाही. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत असतात, सगळा काप एकाच मातकट रंगाचा वाटतो. मग कुणीतरी ट्रे खिडकीपाशी नेतं, काप जरा तिरका धरतं आणि "मॅडम, ही का?" असा आवाज येतो. हीच ती. शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक, करड्या पट्टीच्या आतून कडेला समांतर धावणारी.

१७७६ साली इटलीतल्या पार्मा शहरात फ्रान्चेस्को जेन्नारी नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ती दिसली. मेंदू बर्फात गोठवून तो त्याचे काप करत होता. मेंदूचा कोणता भाग काय काम करतो याचा त्या काळी कुणालाच पत्ता नव्हता, त्यामुळे आपण दृष्टीच्या मुख्य क्षेत्राकडे बघतोय हे त्याला कळायचा प्रश्नच नव्हता. आज आपल्याला माहीत आहे की ही रेघ जिथे संपते, तिथेच त्या क्षेत्राची हद्द संपते. मेंदूची साल सगळीकडे सारखी विणलेली नाही, याचा डोळ्यांना दिसणारा तो पहिला पुरावा.

‘साल’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. ‘कॉर्टेक्स’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ झाडाची सालच. पाठ्यपुस्तकी मराठीतलं ‘प्रमस्तिष्क बाह्यक’ परीक्षेत लिहायला ठीक आहे, पण ते ऐकून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. मटणाच्या दुकानात बकऱ्याचा भेजा ज्यांनी पाहिलाय, त्यांना त्याच्यावरच्या वळ्या आठवतील. माणसाच्या मेंदूवर त्या वळ्या कितीतरी जास्त आणि खोल असतात, आणि सगळ्या वळ्यांवर, त्यांच्या खाचांमध्येही, ही करडी साल पसरलेली असते. तिची जाडी सरासरी अडीच मिलिमीटर. दृष्टीच्या क्षेत्रात त्याहून कमी, हालचालींच्या क्षेत्रात चारच्या आसपास. दोन्ही बाजूंची साल सोलून, इस्त्री करून पसरली, तर पुरुषांच्या मोठ्या हातरुमालाएवढी, म्हणजे साधारण २००० चौरस सेंटिमीटर भरेल. त्यातला दोन तृतीयांश भाग खाचांच्या आत दडलेला असतो. सालीखाली जे पांढरं दिसतं ते मुख्यतः वायरिंग. पेशींचे लांब तंतू आणि त्यांच्यावरचं मायलिनचं चरबीदार वेष्टन. जेन्नारीची रेघही त्याच वेष्टनामुळे पांढरी दिसते.

या सालीत चेतापेशी किती? हा आकडा बरीच वर्षं अंदाजानेच सांगितला जायचा. मग ब्राझीलच्या सुझाना हेरकुलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धीट युक्ती केली. मेंदूचा प्रत्येक भाग विरघळवून त्याचं एकजीव सूप करायचं, त्यात तरंगणारी पेशीकेंद्रकं रंगवायची आणि ठरावीक थेंबांतली मोजायची. २००९ साली चार पुरुषांच्या मेंदूंवरून त्यांनी आकडे दिले: पूर्ण मेंदूत सरासरी ८६०० कोटी चेतापेशी. त्यांपैकी सुमारे ६९०० कोटी मागच्या छोट्या अनुमस्तिष्कात आणि सालीच्या वाट्याला फक्त १६०० कोटींच्या आसपास. मुलांना हे ऐकून नेहमी धक्का बसतो. आपण जिच्या जोरावर वाचतो, बोलतो, हिशेब करतो, त्या सालीत मेंदूच्या पाचातली एक पेशीसुद्धा नाही.

आता या अडीच मिलिमीटरच्या आत डोकावू. इथे पहिली अडचण अशी की आत काही दिसतच नाही. ताजा मेंदू खरवसासारखा लिबलिबीत असतो. तो फॉर्मॅलिनमध्ये घट्ट करायचा, पाणी काढून पॅराफिन मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर केसाहूनही कितीतरी पातळ सेक्शन कापायचे, काचेवर चिकटवायचे. एवढं करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं तरी समोर जवळजवळ पारदर्शक, फिकट धुकं. पेशींना स्वतःचा रंग नाही. म्हणून रंग द्यावा लागतो, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण प्रत्येक रंग स्वतःपुरतंच काही दाखवतो आणि बाकीचं झाकून ठेवतो. सालीबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते असं चार-पाच रंगांच्या तुकड्यांतून जोडलेलं आहे. पुस्तकात एकसंध आकृती बघताना हे विसरायला होतं.

सगळ्यात आधी मी मुलांना जांभळ्या स्लाइड दाखवते. १८८०च्या दशकात जर्मनीच्या फ्रान्झ निस्ल यांनी, तेही विद्यार्थी असतानाच, ही पद्धत शोधली. हा रंग चेतापेशीच्या धडात जिथे प्रथिनं तयार होतात त्या कणांना धरतो. त्यामुळे पेशींची धडं जांभळी ठिपक्यांसारखी उमटतात आणि फांद्या, तंतू सगळं अदृश्य राहतं. लांबून पाहिलं की ठिपक्यांची दाटी कुठे जास्त, कुठे विरळ, कुठे ठिपके बारीक, कुठे ठळक हे लक्षात येतं, आणि एकावर एक सहा थर दिसू लागतात.

सर्वांत वरचा पहिला थर जवळजवळ रिकामा, धडं फारच थोडी. दुसऱ्या-तिसऱ्यात छोट्या-मध्यम पेशी. त्यांचे तंतू मुख्यतः सालीच्याच इतर भागांकडे आणि मेंदूच्या पलीकडच्या अर्ध्याकडे जातात. चौथ्यात बारीक दाण्यांसारख्या पेशींची खचाखच गर्दी. पाचव्यात मोठाल्या त्रिकोणी पेशी. सहाव्यात मिश्र मंडळी. हे पाठ करण्यात अर्थ नाही. मी मुलांना सरकारी कचेरीतल्या आवक-जावक टेबलांची आठवण ठेवायला सांगते. चौथा थर म्हणजे आवक: डोळा, कान, त्वचा इथून निघालेली खबर थॅलॅमस या मधल्या ठाण्यातून येते आणि प्रामुख्याने इथे उतरते. पाचवा थर म्हणजे जावक: मेंदूच्या देठाकडे, पाठीच्या मज्जारज्जूकडे जाणारे हुकूम इथून निघतात. सहावा थर थॅलॅमसलाच उलट निरोप धाडतो. प्रत्यक्षात टेबलं इतकी वेगळी नसतात, आवक थोडीफार इतर थरांतही होते. पण एवढा धागा धरला की स्लाइड वाचता येते.

ती कशी वाचायची, याची एक परीक्षा मी घेते. दोन स्लाइड देते, नाव न सांगता. पहिलीत चौथा थर एवढा जाड आणि भरलेला की त्याचेही पोटथर पडलेले. दुसरीत चौथा थर नावापुरताच, शोधूनही नीट सापडत नाही. उलट पाचव्या थरात मधूनच एखादी अवाढव्य पेशी, आजूबाजूच्या पेशी तिच्यापुढे पोरं वाटाव्यात अशी. कोणतं ऑफिस आवकचं आणि कोणतं जावकचं? पहिलं दृष्टीचं क्षेत्र, दुसरं हालचालींचं. त्या अवाढव्य पेशी कीव्हच्या व्लादिमीर बेट्झ यांनी १८७४ साली वर्णन केल्या. त्यांतल्या मोठ्यांचं धड मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत जातं, म्हणजे नुसत्या डोळ्याला दिसण्याच्या काठावर. त्यांचा एकच तंतू मेंदूतून निघून थेट कमरेच्या पातळीवरच्या मज्जारज्जूपर्यंत, अर्ध्या मीटरहून जास्त अंतर, एकसलग जाऊ शकतो. तुम्ही पायाचा अंगठा हलवता तेव्हा अशा लांब तंतूंमधूनच हुकूम खाली उतरतो.

सालीतले हे फरक ध्यास घेतल्यासारखे नोंदवले ते कोर्बिनियान ब्रोडमान यांनी. त्यांनी निस्लच्या रंगातले सेक्शन एकामागून एक पाहिले, थर बदलले की हद्द आखली आणि प्रत्येक तुकड्याला आकडा दिला. १९०९ साली नकाशा छापला. आकडे ५२पर्यंत जातात, पण माणसाच्या मेंदूत त्यांतले काही आकडे गाळलेले आहेत, कारण ते क्षेत्र त्यांना इतर प्राण्यांमध्येच दिसलं. मला या कामाचं सगळ्यात आश्चर्य वाटतं ते असं की ब्रोडमान फक्त ठिपक्यांची मांडणी बघत होते. तरी त्यांचं १७ नंबरचं क्षेत्र दृष्टीचं निघालं, ४ नंबरचं हालचालींचं, आणि ४४-४५ बोलण्याशी जोडलेलं. आजही न्यूरोसर्जन आणि एमआरआय वाचणारे डॉक्टर "एरिया फोर" म्हणतात तेव्हा ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या आकड्यानेच बोलतात.

आता निस्लच्या रंगाने जे झाकलं होतं, तिकडे वळू. ठिपके दिसले, पण पेशी एकमेकींना भेटतात कुठे?

मिलानजवळच्या आब्बियातेग्रास्सो गावात, असाध्य रोग्यांच्या एका रुग्णालयात कामिल्लो गोल्जी नोकरीला होते. तिथल्या स्वयंपाकघरात त्यांनी प्रयोगशाळा थाटली. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये घट्ट करायचा, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचा, आणि वाट बघायची. १८७३ साली त्यांनी जाहीर केलं की असं केल्यावर पिवळसर पार्श्वभूमीवर काही पेशी पूर्णपणे काळ्या होतात: धड, फांद्या, तंतू, टोकापर्यंत. ‘काही’ हा त्यातला कळीचा शब्द. शंभरातल्या जेमतेम दोन-चार पेशी रंगतात, बाकीच्या तशाच राहतात. कोणत्या रंगतील ते आधी सांगता येत नाही.

आणि हेच वरदान ठरलं. कोकणातल्या एखाद्या दाट देवराईत उभं राहा. कोणती फांदी कोणत्या झाडाची, ते कळत नाही. वर सगळी एकच हिरवी गिचमिड. त्यातलं एकच झाड मुळापासून शेंड्यापर्यंत काळं झालं तर? त्याची प्रत्येक डहाळी मोजता येईल. सगळीच झाडं काळी झाली असती तर नुसता अंधार दिसला असता.

हा चमत्कार स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८८७ साली माद्रिदमध्ये एका सहकाऱ्याच्या स्लाइडवर पाहिला आणि ते झपाटले गेले. त्यांना खरं तर चित्रकार व्हायचं होतं, वडिलांनी वैद्यकात घातलं. त्यांनी गोल्जींची प्रक्रिया एकाऐवजी दोनदा केली आणि प्रौढ मेंदूऐवजी भ्रूणांचे, पिल्लांचे मेंदू घेतले, कारण त्यात मायलिनचं वेष्टन अजून चढलेलं नसतं आणि चांदी तंतूंपर्यंत नीट पोचते. एक डोळा सूक्ष्मदर्शकावर, हातात पेन, अशी त्यांनी हजारो चित्रं काढली. गोल्जींचं म्हणणं होतं की सगळे तंतू एकमेकांत मिसळून एक अखंड जाळं तयार होतं. काहालना मात्र प्रत्येक तंतूचं टोक मोकळं दिसत होतं: दुसऱ्या पेशीला अगदी खेटून, पण तिच्यात न मिसळता. १८८८ साली त्यांनी स्वतःच्या पैशांनी एक नियतकालिक काढून हे छापलं. स्पॅनिशमधलं ते कुणी वाचेना, तेव्हा १८८९ला सूक्ष्मदर्शक आणि स्लाइड घेऊन ते बर्लिनला गेले आणि जर्मन शरीररचनातज्ज्ञांना एकेक करून दाखवत बसले.

१९०६ सालचं नोबेल दोघांना विभागून मिळालं. गोल्जींनी आपलं नोबेल व्याख्यान काहालच्या सिद्धांताविरुद्धच दिलं. दोघांपुढे एकच रंग, आणि निष्कर्ष परस्परविरोधी. वाद खऱ्या अर्थाने मिटायला १९५०च्या दशकातला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. त्यात दोन पेशींमधली फट स्वच्छ दिसली. तिची रुंदी साधारण २० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातला एक. या जोडाला सिनॅप्स म्हणतात.

काळ्या रंगाच्या स्लाइडमध्ये सालीची मुख्य रहिवासी पिरॅमिड पेशी दिसते. सालीतल्या दहापैकी सात-आठ चेतापेशी याच जातीच्या. त्रिकोणी धड, त्याच्या माथ्यातून निघून थेट पहिल्या थराकडे चढणारी एक जाड फांदी, बुडापासून आडव्या पसरलेल्या वृक्षिका, म्हणजे छोट्या फांद्या, आणि खालच्या बाजूने पांढऱ्या भागाकडे उतरणारा अक्षतंतू, म्हणजे संदेश पुढे नेणारा लांब तंतू. जवळून बघा: फांद्या गुळगुळीत नाहीत. त्यांच्यावर गुलाबाच्या काट्यांसारखे बारीक उभार आहेत. काहालच्या काळात कित्येकांना ती रंगाची घाण वाटली. पण ते काटे खरेच निघाले; एकेका काट्यावर दुसऱ्या पेशीचा सिनॅप्स बसतो. म्हणजे वर जो पहिला थर रिकामा वाटला होता, तो रिकामा नाहीच. तिथे धडं नाहीत, पण खालच्या पेशींचे शेंडे तिथे पोचलेले असतात आणि दूरवरून आलेले तंतू त्यांना भेटत असतात. जांभळ्या रंगाला ते दिसतच नव्हतं.

पिरॅमिड पेशी पुढच्या पेशीला उत्तेजन देतात. सगळ्यांनी एकमेकींना नुसतं उत्तेजनच दिलं तर काही क्षणांत वणवा पेटेल, आणि फिट येते तेव्हा जवळपास तसंच घडतं. म्हणून उरलेल्या दोन-तीन पेशी ब्रेक लावायच्या असतात. त्यांचे तंतू आखूड, जवळपासच फिरणारे. काही जणी पिरॅमिड पेशीच्या धडाभोवती टोपलीसारखी वीण घालतात. त्यांतली माझी आवडती म्हणजे झुंबर पेशी. तिच्या तंतूच्या टोकांशी उभ्या मेणबत्त्यांच्या रांगा असतात, झुंबरात असतात तशा, आणि प्रत्येक मेणबत्ती एकेका पिरॅमिड पेशीच्या अक्षतंतूच्या अगदी मुळाशी चिकटलेली असते. संदेश जिथून निघतो, नेमक्या त्याच जागी तिचा हात. एकच झुंबर पेशी अशा कित्येक पिरॅमिड पेशींना एकाच वेळी हात लावून असते.

यांच्याखेरीज ग्लिया पेशी आहेत: खाऊपिऊ घालणाऱ्या, मायलिन गुंडाळणाऱ्या, कचरा गिळणाऱ्या. त्यांच्यावर स्वतंत्र लिहायला हवं, इथे नाव घेऊन पुढे जाते.

हे सहा थर रचले जातात तो क्रम मला फार सुंदर वाटतो. गर्भात चेतापेशी सालीत जन्मत नाहीत. त्या मेंदूच्या आतल्या पोकळीच्या भिंतीशी जन्मतात आणि तिथून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत ताणलेल्या लांबट आधारपेशींना धरून, दोरावरून चढावं तशा वर जातात. आधी पोचलेल्या पेशी खालचे थर होतात. नंतरच्या पेशी त्यांच्या गर्दीतून वाट काढत आणखी वर जातात. म्हणजे सहावा थर आधी भरतो, दुसरा सगळ्यात शेवटी. थांबायचं कुठे याची खूण पहिल्या थरातल्या काही पेशी रीलिन नावाचं प्रथिन सोडून देतात. ज्या उंदरांत रीलिन नसतं, त्यांच्यात हे थर जवळजवळ उलटेपालटे होतात आणि ते लडखडत चालतात. माणसात हा प्रवास बिघडला तर मेंदू वळ्यांशिवाय, गुळगुळीत राहू शकतो.

या काळाची छायाचित्रं आता आपल्याच देशातून आली आहेत. मद्रास आयआयटीच्या सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरने १४ ते २४ आठवड्यांच्या गर्भांच्या पाच मेंदूंचे ५१३२ सेक्शन, एकेक पेशी दिसेल इतके बारीक, डिजिटल करून २०२४ साली सगळ्यांसाठी खुले केले. मी ते वर्गात पडद्यावर लावते. वर चढणाऱ्या पेशींच्या दाट रांगा बघताना मागच्या बाकांवरही कुणी मोबाइल काढत नाही.

त्याच वर्षी दुसऱ्या टोकाचं काम प्रसिद्ध झालं. एपिलेप्सीच्या शस्त्रक्रियेत एका ४५ वर्षांच्या बाईंच्या सालीचा छोटा तुकडा काढावा लागला होता. हार्वर्ड आणि गूगलच्या चमूने त्यातल्या राईच्या दाण्याएवढ्या भागाचे, जेमतेम एका घन मिलिमीटरचे, पाच हजारांहून जास्त पापुद्रे केले आणि प्रत्येकाचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चित्र घेतलं. इथे एकही पेशी झाकलेली नाही. त्या दाण्यात सुमारे ५७,००० पेशी, १५ कोटी सिनॅप्स आणि २३० मिलिमीटर लांबीच्या रक्तवाहिन्या निघाल्या. चित्रांचा डेटा १४०० टेराबाइट. बहुतेक तंतू दुसऱ्या पेशीला एकाच ठिकाणी जोडलेले होते, पण क्वचित एखादा तंतू एकाच पेशीला पन्नासच्या आसपास ठिकाणी जोडलेला सापडला. सगळं दाखवणारी पद्धत मिळाली खरी, पण ती एका दाण्यापुरती. पूर्ण सालीत असे काही लाख दाणे आहेत.

शेवटी एक स्लाइड, जी मी मुलांना वर्ष संपताना दाखवते. कानाच्या आतल्या बाजूला, टेम्पोरल भागाच्या पोटाशी एंटोऱ्हायनल नावाचं सालीचं क्षेत्र आहे. तिथल्या दुसऱ्या थरात मोठ्या पेशी सलग पसरलेल्या नसतात, त्यांची छोटी छोटी बेटं असतात. त्यांचे तंतू हिप्पोकॅम्पसमध्ये शिरतात, जिथे दिवसभरातल्या आठवणी धरल्या जातात. अलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या आजाराचं वर्णन केलं, तेही चांदीच्याच एका रंगाच्या मदतीने, तो आजार सालीत अगदी सुरुवातीला हात घालतो तो या बेटांवर. म्हणून आजींना लहानपणीच्या ओव्या घडाघडा येतात, पण दुपारी जेवलो की नाही ते आठवत नाही. जुनं सालीत इतरत्र पसरलेलं असतं. नवं आत नेणारा रस्ता तुटलेला असतो.

चांदीच्या रंगात या पेशींच्या आत काळे पीळ दिसतात, ज्योतीच्या आकाराचे. आजार बराच पुढे गेलेला असेल तर स्लाइडवर आणखी एक गोष्ट दिसते. पेशी मरून गेलेली असते, तिचं धड नाही, केंद्रक नाही, फांद्या नाहीत. तिच्या आत तयार झालेला पीळ तेवढा, तिच्याच आकारात, तिच्या जागेवर उरलेला असतो.